मध्यस्थ कोणाच्या मर्जीवर थांबतो?

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायली या मराठी भाषक ज्यू समाजाचे १८७९ साली बांधलेले सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. त्या समाजातील अनेक घरांतील माणसे १९४८ नंतर इस्रायलला गेली, त्यामुळे तिथे क्षेपणास्त्र पडले की इथल्या मराठी घरांत फोन लावले जातात. त्याच महानगरपालिकेच्या हद्दीतील मुस्लिमबहुल मुंब्र्यात गाझामधील बातम्या वेगळ्या वेदनेने ऐकल्या जातात. आमच्या शहरात इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षाचा विषय निघाला की दोन वाक्यांत ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ या प्रश्नावर गाडी येते, ती बहुधा यामुळेच. मला मात्र दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: शांततेला पाठिंबा देणारे बाहेरचे देश नेमके काय करतात, आणि कोणाच्या मर्जीवर तिथे टिकतात?

सध्या मोठा बोलबाला आहे तो पॅलेस्टाइनच्या मान्यतेचा. १२ सप्टेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४२ देशांनी द्विराष्ट्र तोडग्याचा (इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशी दोन स्वतंत्र राज्ये) पुरस्कार करणाऱ्या न्यूयॉर्क घोषणापत्राच्या बाजूने मतदान केले; त्यांत भारत होता. त्याच महिन्यात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता दिली, जी भारताने १९८८ मध्येच दिली होती. या मान्यतेला राजकीय वजन आहे, हे मी नाकारत नाही. परंतु तिच्यामुळे इस्रायलच्या ताब्यातील वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातील एकही इस्रायली तपासणी नाका हटत नाही.

याउलट १९५६ च्या सुएझ संकटानंतर (इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांच्या इजिप्तवरील हल्ल्यानंतर) गाझा आणि इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात उभ्या केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी दलाने दहा वर्षांहून अधिक काळ सीमा बऱ्यापैकी शांत ठेवली. त्या दलात भारतीय जवान होते आणि अखेरच्या काळात त्याचे नेतृत्वही मेजर जनरल इंदरजित रिखये या भारतीय अधिकाऱ्याकडे होते. मात्र इस्रायलने आपल्या बाजूला हे दल येऊ दिले नव्हते, त्यामुळे ते केवळ इजिप्तच्या संमतीवर उभे होते. घरमालकाच्या तोंडी परवानगीवर राहणाऱ्या भाडेकरूची असते तशी त्याची स्थिती होती. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ती संमती काढून घेतली, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी दल मागे घेण्याचा आदेश दिला आणि ५ जूनला इस्रायल आणि अरब देशांत युद्ध पेटले. माघारीची वाट पाहत असलेले काही भारतीय जवान गाझामध्ये मारले गेले. आपल्याकडे त्यांची आठवण क्वचितच निघते, याची खंत वाटते.

इजिप्त आणि इस्रायल यांनी हा धडा घेतलेला दिसतो. २६ मार्च १९७९ च्या शांतता करारात त्यांनी लिहून ठेवले की, सीमेवरील आंतरराष्ट्रीय पथके हटवण्याची मागणी कोणताही पक्ष परस्पर करणार नाही. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत विरोधामुळे संयुक्त राष्ट्रांचे दल मिळणे अशक्य झाले, तेव्हा अमेरिकेच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या बाहेर एक बहुराष्ट्रीय दल उभारण्यात आले. एप्रिल १९८२ पासून ते सिनाईत आहे आणि त्याच्या खर्चाचा मुख्य भार इजिप्त, इस्रायल व अमेरिका हे तीन देश उचलतात. वर्तमानपत्रात या दलाचे नावही सहसा येत नाही, आणि माझ्या मते हेच त्याच्या यशाचे प्रमाणपत्र आहे.

इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यातील ओस्लो शांतता प्रक्रियेला असा आधार कधीच मिळाला नाही. नॉर्वेने गुप्त वाटाघाटी कौशल्याने घडवून आणल्या, १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांचे हस्तांदोलन झाले, देणगीदार देशांकडून पैसाही आला. परंतु जेरुसलेम, निर्वासित, इस्रायली वसाहती आणि सीमा हे प्रश्न पुढे ढकलले गेले, आणि दिलेला शब्द कोणी मोडला याचा बंधनकारक निवाडा करणारा तिसरा कोणी ठेवलाच नाही. वेस्ट बँकमधील हेब्रॉन शहरात नॉर्वेच्या समन्वयाखाली निरीक्षक होते. पण त्यांचे अहवाल गोपनीय राहत आणि मुदत दर सहा महिन्यांनी दोन्ही पक्षांच्या संमतीने वाढवावी लागे. जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलने मुदतवाढ नाकारली आणि निरीक्षक परतले.

म्हणूनच १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने संमत केलेला ठराव क्रमांक २८०३ मी या एकाच नजरेने वाचतो. गाझासाठी आंतरराष्ट्रीय स्थैर्य दल उभारण्यास त्यात परवानगी आहे, परंतु त्या परवानगीची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच आहे. शिवाय सिनाईतील दलामागे दोन राज्यांनी स्वतः सही केलेला संपूर्ण शांतता करार होता. इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यात तसा करार नाही. अशा दलात जवान पाठवण्याचा प्रश्न भारतापुढे कधी आला, तर किती जवान पाठवायचे याआधी त्यांना परत पाठवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असेल, हे दिल्लीने लेखी मागून घ्यावे.