तुम्ही विचारलंत म्हणून: जॉर्डनच्या सहा अंगठ्यांत पिपेनचा वाटा किती?

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, जिंकणाऱ्या खेळाडूला अंगठी मिळते, म्हणून अंगठ्या सहा म्हणजे विजेतेपदं सहा. बास्केटबॉल नियमितपणे बघणारा माणूस सापडला की लोक त्याला हे विचारतातच. नावं तेवढी बदलतात. कधी जॉर्डन आणि पिपेन, कधी शॅक आणि कोबी, हल्ली टेटम आणि ब्राऊन. प्रश्न तोच: दोन मोठे खेळाडू एका संघात, विजेतेपद एक, मग खरं जिंकून दिलं कुणी? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा टक्केवारी हवी असते. साठ-चाळीस म्हणा, सत्तर-तीस म्हणा, पण काहीतरी आकडा सांगा.

आकडा मी सांगत नाही, म्हणून मंडळी खट्टू होतात. टाळाटाळ करतोय असंही वाटत असेल. तर एकदा सविस्तरच सांगतो.

माझ्या मते श्रेयाची वाटणी करंडक हातात येण्याच्या कितीतरी आधी उरकलेली असते. चेंडू जास्त वेळ कुणाकडे राहणार, समोरच्या सर्वांत अवघड खेळाडूला कोण अडवणार, पगार कुणाचा मोठा, घड्याळात दोन सेकंद उरलेले असताना शॉट कोण मारणार, या गोष्टी ठरतात तीच खरी वाटणी. आपण वाद घालतो तो नंतर, पाटीवर कुणाचं नाव लागलं यावरून.

शिकागो बुल्सचंच बघा. मायकल जॉर्डन 1984 मध्ये आला. पहिल्या तीन मोसमांत संघ प्लेऑफचे (मुख्य मोसमानंतरच्या बाद फेरीचे) दहा सामने खेळला आणि त्यांतला फक्त एक जिंकला. एप्रिल 1986 मध्ये बोस्टनविरुद्ध त्याने एका सामन्यात 63 गुण केले. प्लेऑफमधला हा विक्रम आजही अबाधित आहे. तो सामना बुल्स हरले. स्कॉटी पिपेन आला 1987 मध्ये, आणि पहिलं विजेतेपद यायला त्यानंतरही चार वर्षं लागली. एकटा देव असला तरी देवळाला खांब लागतातच.

1991 ची अंतिम मालिका (आधी चार सामने जिंकेल तो विजेता) लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध होती आणि पहिला सामना बुल्सनी घरच्या मैदानावर गमावला होता. दुसऱ्या सामन्यात जॉर्डनला सुरुवातीलाच दोन फाउल लागले, आणखी लागले तर बाहेर बसावं लागतं, तेव्हा मॅजिक जॉन्सनला धरायचं काम पिपेनकडे आलं. मॅजिक पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, पण उंची रिंगजवळ खेळणाऱ्या फॉरवर्डची. लहान चणीच्या बचावपटूच्या डोक्यावरून तो आरामात पास द्यायचा. पिपेनचे हात लांब, पाय चपळ. त्याने मॅजिकला मैदानाच्या त्या टोकापासूनच चिकटायला सुरुवात केली. चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यायलाच मॅजिकचा वेळ आणि दम खर्च होऊ लागला. बुल्सनी पुढचे चारही सामने जिंकले. पाचव्या, निर्णायक सामन्यात पिपेनने 32 गुण आणि 13 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) काढले. त्याच सामन्यात जॉर्डन दोघा-तिघांच्या गराड्यात सापडत होता. प्रशिक्षक फिल जॅक्सनने त्याला विचारलं, मोकळा कोण आहे? उत्तर होतं, जॉन पॅक्सन. मग जॉर्डन पास देत राहिला आणि पॅक्सन शेवटच्या काही मिनिटांत एकामागून एक शॉट घालत राहिला.

मालिकावीर अर्थातच जॉर्डन. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मालिकेत सरासरी तिसावर गुण आणि अकरावर असिस्ट (ज्यांवर बास्केट होते असे पास) करणाऱ्याला तो द्यायलाच हवा होता. पण पॅक्सनला दिलेला पास स्कोअरशीटवर असिस्ट म्हणून लागतो. मॅजिकने अर्ध्या रेषेपर्यंत पोचायला जो दम घालवला, त्यासाठी स्कोअरशीटवर रकानाच नाही. घोडं पेंड खातं ते इथे.

‘पिपेनला एकट्याला काय जमलं असतं?’ हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर तरी इतिहासाने देऊन ठेवलंय. जॉर्डन 1993 मध्ये निवृत्त होऊन बेसबॉलकडे वळला. आदल्या मोसमात 57 सामने जिंकलेला संघ त्याच्याशिवाय 55 जिंकला. विजेतेपद आलं नाही, प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्कने त्यांना सात सामन्यांत हरवलं. एकाच मोसमातून दोन्ही बाजूंचे लोक आपापला पुरावा काढतात. 55 सामने म्हणजे पिपेन मोठा. दुसरी फेरी म्हणजे जॉर्डनवाचून भागत नाही.

मला मात्र त्या मोसमातली भलतीच गोष्ट आठवते. न्यूयॉर्कविरुद्धचा तिसरा सामना, 102-102 बरोबरी, घड्याळात 1.8 सेकंद. जॅक्सनने शेवटचा शॉट त्याच वर्षी लीगमध्ये आलेल्या टोनी कुकोचला दिला आणि चेंडू आत फेकायला पिपेनला सांगितलं. वर्षभर संघ ओढलेला पिपेन बाकावरून उठलाच नाही. त्याच्या जागी दुसऱ्याने चेंडू फेकला, कुकोचने शॉट घातला, बुल्स जिंकले. नंतर ड्रेसिंगरूममध्ये बिल कार्टराइट, संघातला सर्वांत ज्येष्ठ आणि एरवी शांत माणूस, अक्षरशः रडत पिपेनला बोलला.

पिपेन चुकलाच. तरी त्याचा राग मला समजतो. जॉर्डन असताना शेवटचा शॉट आपला नाही, हे त्याने केव्हाच स्वीकारलं होतं. जॉर्डन गेल्यावरही तो आपला नाही, हे त्याला त्या 1.8 सेकंदांत समजलं. त्यात पगाराची भर. 1991 मध्ये त्याने सुरक्षिततेसाठी लांब मुदतीचा करार केला आणि तो अंगाशी आला. 1997-98 मध्ये जॉर्डनला तीन कोटी तीस लाख डॉलरच्या वर मिळत होते आणि पिपेनला तीस लाखांहूनही कमी. संघातल्या पगारांच्या यादीत तो सहावा होता. बास्केटबॉल हॉल ऑफ फेमच्या भाषणात, 2009 मध्ये, जॉर्डनने सुरुवातीलाच सांगितलं की माझ्या सगळ्या विजेतेपदांत तुम्हाला माझ्यासोबत पिपेन दिसला. पुढच्या वर्षी पिपेनच्या गौरवाच्या वेळी तो शेजारी उभा राहिला. तरी 2021 च्या आत्मचरित्रात पिपेनची खदखद बाहेर आलीच. व्यासपीठावरच्या दोन वाक्यांनी सात वर्षांच्या पगाराची भरपाई व्हायची कशी?

श्रेयाबद्दल हसत बोलू शकणारे लोक बहुतेक वेळा बाकावरचे असतात, हेही एक गंमतीचं. मार्च 1990 मध्ये जॉर्डनने क्लीव्हलंडविरुद्ध 69 गुण केले, त्या रात्री स्टेसी किंगने केला एक. किंगने ती रात्र ‘जॉर्डनने आणि मी मिळून 70 गुण केले’ अशी लक्षात ठेवली. 1997 च्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात 86-86 असताना जॉर्डनवर दुसरा बचावपटू धावून गेला, मोकळ्या राहिलेल्या स्टीव्ह करने शॉट घातला आणि विजेतेपद आलं. विजयसभेत करने लोकांना उलटीच कथा ऐकवली: जॉर्डन म्हणाला, अशा वेळी मला अवघडल्यासारखं होतं, दुसरं कुणी बघा, मग काय, त्याला सांभाळून घेणं माझ्यावरच आलं. जॉर्डनसकट सगळे हसले. करला हे परवडतं, कारण त्याच्या आणि जॉर्डनच्या वाट्यात कुणाचा गोंधळ होणार नव्हता. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला असा विनोद करता येत नाही.

मग शॅक आणि कोबी. या दोघांचं मला सर्वांत आधी आठवतं ते 4 जून 2000 चं दृश्य, आणि त्यातही पिपेन आहेच. तो तेव्हा पोर्टलंडकडून खेळत होता. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना, चौथ्या क्वार्टरमध्ये पोर्टलंड 15 गुणांनी पुढे. ती आघाडी लेकर्सनी खाऊन टाकली. शेवटच्या मिनिटाच्या आसपास कोबी ब्रायंट पिपेनला चकवून आत घुसला आणि त्याने चेंडू रिंगच्या वर उडवला. शॅकने, म्हणजे शकील ओनीलने, तो हवेतच पकडून एका हाताने आत कोंबला. या बास्केटची वाटणी करून दाखवा बरं! गुण शॅकच्या खात्यात, असिस्ट कोबीच्या. पण शॅक आत नसता तर कोबीला तो पास द्यायला कुणी नव्हतं, आणि कोबी आत घुसला नसता तर शॅकवरचा बचावपटू हललाच नसता.

त्यांनी 2000, 2001 आणि 2002 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली, तिन्ही वेळा मालिकावीर शॅक. पुरस्कार तीन, नाव एक, आणि दुसरा माणूस कोबीसारखा. ते टिकणं कठीणच होतं. 2004 मध्ये शॅक मायामीला गेला, 2006 मध्ये तिथे जिंकला, तिथे मालिकावीर ड्वेन वेड. कोबीने पाउ गसोलला सोबत घेऊन 2009 आणि 2010 मध्ये बाजी मारली. पाचव्या विजेतेपदानंतर, या यशाचा तुझ्यासाठी अर्थ काय असं विचारल्यावर, त्याने सांगितलं की शॅकपेक्षा एक जास्त. सहा वर्षं वेगळे राहूनही हिशेब चालूच होता. मला विचाराल तर त्यांच्या भांडणाने दोन-तीन विजेतेपदं तरी घालवली, पण हा माझा अंदाज, पुरावा काही नाही.

मालिकावीर पुरस्काराचा स्वभावच असा आहे. तो सुरू झाला 1969 मध्ये आणि पहिल्याच वर्षी हरलेल्या संघाच्या जेरी वेस्टला मिळाला. पुन्हा कधी हरलेल्या बाजूला गेला नाही. 1970 मध्ये न्यूयॉर्कचा विलिस रीड दुखऱ्या पायाने सातव्या सामन्यात उतरला, पहिले दोन शॉट घातले, प्रेक्षागृह दणाणलं. त्याचे त्या सामन्यातले गुण तेवढेच, चार. वॉल्ट फ्रेझियरने त्याच सामन्यात 36 गुण आणि 19 असिस्ट केले. मालिकावीर रीड झाला, आणि आजही लोकांना आठवतं ते रीडचं लंगडत येणं.

1980 ची गोष्ट तर आणखी अजब. पाचव्या सामन्यात करीम अब्दुल-जब्बारचा घोटा मुरगळला, तसाच परत येऊन त्याने 40 गुण पुरे केले. सहाव्या सामन्यासाठी संघ फिलाडेल्फियाला गेला, करीम लॉस एंजेलिसलाच राहिला. वीस वर्षांचा मॅजिक त्याच्या जागी सेंटर, म्हणजे रिंगखालचा उंच खेळाडू, म्हणून उभा राहिला: 42 गुण, 15 रिबाउंड, 7 असिस्ट. विजेतेपद लेकर्सचं, मालिकावीर मॅजिक. करीमची मालिकेतली सरासरी तेहतिसावर होती, तो मागे पडला. पण माझा जीव तिसऱ्याच माणसात अडकलाय. त्याच सहाव्या सामन्यात जमाल विल्क्सने 37 गुण केले होते. मॅजिक की करीम, असा वाद घालणाऱ्या किती जणांच्या तोंडी विल्क्सचं नाव येतं?

नीट वाटून घेणारेही झालेत. सॅन अँटोनियोला डंकन, पार्कर आणि जिनोबिली यांनी मिळून चार विजेतेपदं दिली, त्यांत मालिकावीर दोनदा डंकन, एकदा पार्कर आणि 2014 मध्ये चौथाच, कवाय लेनर्ड. जिनोबिली कुठल्याही संघात पहिल्या पाचांत बसला असता. तो वर्षानुवर्षं बाकावरून उठून खेळायला यायचा. वेडने 2011 मधल्या पराभवानंतर स्वतःच्या शहरात, स्वतःच्या संघात लेब्रॉन जेम्सला सांगितलं, पुढे तू हो. 2012 आणि 2013 मध्ये मायामी जिंकली, दोन्हीदा मालिकावीर लेब्रॉन. वेडने आपला पुरस्कार 2006 मध्येच पदरात पाडून घेतला होता, त्यामुळे त्याला ते थोडं सोपं गेलं असावं.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डीन स्मिथ या प्रशिक्षकाचा दंडक होता: बास्केट झाली की शॉट घालणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. जॉर्डन त्याच तालमीतला. 1982 चा विद्यापीठ स्तरावरचा अंतिम सामना त्याने शेवटच्या सेकंदांत शॉट घालून जिंकून दिला. पास जिमी ब्लॅकचा होता. त्या सामन्यात 28 गुण केले जेम्स वर्दीने, सर्वोत्तम खेळाडूही वर्दीच. तो शॉट जॉर्डनचा म्हणून जगाला पाठ आहे. म्हणजे लोकांच्या आठवणीचा रकाना पुरस्काराच्या रकान्याशीही जुळत नाही!

आता टेटम आणि ब्राऊन, कारण सध्या सगळ्यांत जास्त विचारणा यांचीच. 2024 मध्ये बोस्टन जिंकलं. अंतिम मालिकेत गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत बोस्टनचा पहिला टेटम, आणि मालिकावीर ब्राऊन. ब्राऊनने डॅलसच्या लुका डोन्चिचला अडवण्याचं जड काम केलं होतं, म्हणून मला तो निर्णय पटतो. पण याच संघात जरू हॉलिडे होता. आधीच्या संघात त्याच्या वाट्याला कितीतरी जास्त शॉट यायचे, इथे कमी आले आणि त्याने ते मुकाट्याने घेतले. दुसऱ्या सामन्यात गरज पडली तेव्हा 26 गुण काढले. 2021 मध्ये मिल्वॉकीला विजेतेपद मिळालं तेव्हाही, पाचव्या सामन्याच्या शेवटी एका गुणाची आघाडी असताना, फीनिक्सच्या डेव्हिन बुकरच्या हातातून चेंडू हिसकावून सहकारी यानिसला उंच पास देणारा हॉलिडेच. मालिकावीर यानिस.

तेव्हा टेटम की ब्राऊन असं कुणी विचारलं की मी हॉलिडे म्हणतो. समोरचा म्हणतो, हे काही उत्तर झालं नाही. मग मी त्याला जमाल विल्क्सबद्दल विचारतो.