मिक्सरमधून काढलेली १३० झाडं

मी आर्किटेक्चरल मॉडेल बनवते, म्हणजे बिल्डिंग बांधायच्या आधी तिचं जे छोटं रूप टेबलावर मांडून दाखवतात ना, ते. लोकांना वाटतं यात बिल्डिंग कठीण असेल. पण बिल्डिंगचं बरं असतं हो, तिचं ड्रॉइंग असतं, मापं असतात, लेझर कटर भिंती कापून देतो. झाडाचं काहीच नसतं, प्लॅनवर आर्किटेक्टने एक गोल काढलेला असतो आणि बाजूला लिहिलेलं असतं ट्री. बस.

तर हा किस्सा एका कॅम्पसच्या मॉडेलचा. स्केल १:२००, म्हणजे सगळं खऱ्याच्या दोनशेव्या भागाएवढं, बेस दीड मीटर बाय एक मीटर, वर तीन मजली इमारती आणि १३० झाडं. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला गाडी येणार होती आणि आम्ही एकदम निवांत, कारण झाडं सोडून सगळं झालेलं आणि झाडं रेडिमेड मागवलेली. खोका आला, उघडला, वरचं एक झाड उचलून मॉडेलवर नुसतं धरून बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. झाड १२ सेंटिमीटर, शेजारची तीन मजली इमारत ५ सेंटिमीटर. म्हणजे १:२०० च्या हिशोबात झाड २४ मीटरचं. असं एखादं असतं तर म्हटलं असतं जुना वृक्ष आहे, इथे १३० च्या १३० तसेच. खोक्यावर बघितलं तर १:१००. आमची ऑर्डर बरोबर होती, पाठवणाऱ्याने भलताच खोका पाठवला, पण ते फोनवर भांडून सिद्ध करण्यात अर्धा तास गेला आणि झाडं काही त्याने लहान झाली नाहीत.

आमच्याकडे एक काका आहेत, लेझर कटर यायच्या आधीपासून ब्लेड आणि स्टीलपट्टीवर मॉडेल करत आलेले. त्यांनी खोक्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "नाहीतरी ही झाडं नाहीत, लॉलीपॉप आहेत. अगं, तो वायरचा जुना गुंडाळा कुठे टाकलास?"

मी आधी हिशोब केला. एका झाडाला १० मिनिटं धरली तरी १,३०० मिनिटं, म्हणजे साडेएकवीस तासांच्या वर. मी, काका आणि आमचा ज्युनियर मुलगा, तिघांत वाटलं तर प्रत्येकी सात-सव्वासात तास, वाळायचा वेळ वेगळा. जमेल असं वाटलं. (वाळायचा वेळ वेगळा, हे वाक्य मी किती सहज म्हणाले होते ते पुढे कळेल.)

खोड आणि फांद्यांसाठी आम्ही साधी मल्टीस्ट्रँड वायर घेतली, टेबल लॅम्प-बिम्पला असते ती. ०.७५ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये बहुतेक वेळा ०.२ मिलिमीटरच्या २४ बारीक तारा असतात, आणि झाडासाठी २४ हा आकडा फार सोयीचा आहे. साताठ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वरचं प्लास्टिक पूर्ण सोलून टाकायचं, खालचा दोनेक सेंटिमीटर भाग घट्ट पिळला की खोड झालं. मग सहा-सहा तारांचे चार गट करून थोडं पिळायचं, प्रत्येक गट तीन-तीनमध्ये फोडून परत पिळायचं आणि शेवटी एकेक तार मोकळी सोडायची. खरं झाडही असंच वागतं, जाड फांदी फुटत फुटत बारीक होत जाते, मधेच कुठून जाड फांदी उगवत नाही. ज्युनियरने पहिली पाच झाडं केली ती छत्रीच्या काड्यांसारखी, सगळ्या फांद्या एकाच उंचीवरून फुटलेल्या. काका त्याला म्हणाले, बाहेर जा, एक झाड बघून ये. तो खरंच गेला आणि आल्यावर त्याची झाडं सुधारली, मी बघतच राहिले.

तांबं चकाकतं त्यामुळे ते झाकायलाच लागतं. पांढरा लाकडाचा गम, म्हणजे आपण सगळे ज्याला फेविकॉलच म्हणतो तो, थोडा पाण्याने सैल केला, त्यात चाळलेला लाकडाचा भुसा घातला आणि खोडावर ब्रशने थापला. वाळल्यावर खरखरीत साल तयार. रंग चॉकलेटी नाही द्यायचा हां. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण सगळे खोड चॉकलेटी रंगवून बिघडलोय, बहुतेक झाडांचं खोड खरं बघाल तर राखाडीकडे झुकलेलं असतं.

आता पानं. सोफ्याच्या फोमचे तुकडे आमच्याकडे पॅकिंगचे पडलेले होते पोतंभर, पण ते बारीक करायला मिक्सर पाहिजे. आईला फोन लावला.

"आई, तो माळ्यावरचा जुना मिक्सर चालतो का गं?"

"चालतो की. काय वाटायचंय?"

"झाडं."

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "भांडं परत आणू नकोस."

फोम कोरडा कधीच फिरवू नका. आम्ही आधी तेच केलं, तर तो नुसता झाकणाला आणि कडेला चिकटून बसला, पातं खाली रिकामंच फिरतंय, आणि उघडलं तर स्टॅटिकने हाताला, बाह्यांना, काकांच्या मिशीला, सगळीकडे. पाणी घालून थांबून थांबून फिरवला की मस्त चुरा होतो. फडक्यात घालून पिळून घेतला आणि चाळणीने दोन जाडीचे भाग केले, एक जाडसर आणि एक अगदी रव्यासारखा. रंगाला समोर पोस्टर कलरच्या बाटल्या होत्या म्हणून तेच घातले, आणि डब्यातला हिरवा तसाच नाही वापरला, थोडी माती, थोडा पिवळा, चिमूटभर लाल घालून मारला, कारण डब्यातला हिरवा हा खेळण्याचा हिरवा असतो. शिवाय एवढ्या लहान स्केलला रंग जरा फिकाच ठेवावा लागतो, लांबचं झाड हवेमुळे फिकं दिसतं आणि १:२०० चं झाड म्हणजे लांबूनच बघितलेलं झाड.

वाळवायला पेपरवर पसरलं आणि फॅन लावला. हो, फॅन. तीस सेकंदात वर्कशॉपभर हिरवं बर्फ पडलं. झाडून गोळा केलं आणि मग मला सुचलं ते मात्र खरंच कामाचं निघालं: सगळा चुरा जुन्या उशीच्या अभ्र्यात भरला, तोंड बांधलं, फॅनसमोर टांगला आणि येता-जाता त्याला एक धपाटा. दोन तासांत खडखडीत कोरडा.

पहिलं झाड मी केलं. फक्त फांद्यांच्या टोकांना गम लावला, चुऱ्यात बुडवलं, झटकलं, झकास दिसलं. मग पक्कं व्हावं म्हणून वरून पातळ गमाचा स्प्रे मारला आणि माझ्या डोळ्यादेखत हिरवं पाणी ओघळून खोडावर आलं. पोस्टर कलर! वाळला तरी पाण्याने परत सुटतो, हे मला माहीत होतं हो, शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, पण घाईत डोकं चालत नाही. अख्खा अभ्रा फुकट. घड्याळात चार वाजलेले.

दुसऱ्या खेपेला भिंतीचं उरलेलं इमल्शन आणि स्टेनर (त्यात मिसळायचा घट्ट रंग) घेतलं, ते एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. परत मिक्सर, परत पिळणं, परत अभ्रा. हे वाळेपर्यंत काकांनी रस्त्याकडेची २० उंच निमुळती झाडं सुतळीची करून टाकली. दोन तारा घ्यायच्या, एकीला गम लावायचा, त्यावर सुतळीचे सुटे केलेले धागे आडवे मांडायचे, दुसरी तार वरून ठेवायची, एक टोक पकडीत आणि दुसरं ड्रिल मशीनमध्ये, आणि हळूहळू फिरवायचं. बाटली धुवायचा ब्रश तयार होतो. मग कात्रीने वर निमुळतं, खाली रुंद असं कापायचं. काका कापताना एक बाजू मुद्दाम थोडी खराब करत होते, विचारलं तर म्हणाले, या बाजूला उन्हं येत नाहीत. उत्तर आहे का यावर काही!

तिकडे ज्युनियरने वेळ वाचवायचा म्हणून खोडं गमभुशाऐवजी स्प्रे पेंटच्या डब्याने रंगवायला घेतली आणि ती रोवून ठेवली होती थर्माकोलच्या शीटमध्ये. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. शीट बसायला लागली, एकेक करत तीसेक झाडं वाकडी होऊन आडवी झाली, वादळ येऊन गेल्यासारखी. तो रडकुंडीला आला, "ताई, मी परत करतो, सगळी परत करतो." मी एक उपटून बघितलं. वितळलेलं थर्माकोल बुडाला चिकट गोळा होऊन बसलं होतं आणि थोड्या वेळाने कडक झालं तेव्हा ते हुबेहूब मुळांच्या फुगवट्यासारखं दिसत होतं. खऱ्या झाडाचं खोड जमिनीत काठीसारखं घुसत नाही, बुडाशी पसरतं, आणि तेवढंच आम्ही विसरलो होतो. जास्तीचं कापलं, रंगवलं, ती ३० झाडं सगळ्यात चांगली निघाली. तरी खिडक्या उघडून त्याला दम दिला, कारण तो वास नाकात गेला की डोकं धरतं.

रात्री साडेनऊनंतर खरी लाईन लागली. ज्युनियर गम लावतोय, मी जाडसर गडद चुरा लावतेय, काका वरच्या अंगाला फिकट बारीक चुरा भुरभुरवतायत, कारण उजेड वरून पडतो, पोटाकडे सावली. स्प्रेच्या गमात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर गम फोमवर मोत्यासारखा बसून राहतो, आत जात नाही. आणि शेवटी हेअरस्प्रे. यात सगळ्यात अवघड होतं ते थांबणं. हात शिवशिवतो, इथे जागा रिकामी आहे, अजून थोडं लावू. ज्युनियर प्रत्येक झाड पार गच्च भरत होता, फ्लॉवरचा गड्डाच जणू. मी मोबाईल बेसवर आडवा ठेवून, म्हणजे तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून, ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून दाखवला. रंग काढला की कळतं, ज्या झाडातून पलीकडचं आभाळ दिसतंय तेच झाड वाटतं, बाकीचे सगळे ढिगारे. तेव्हापासून तो स्वतःच लावलेला फोम उपटायला लागला.

दोन वाजता १२९ झाली. एक कमी, आणि वायर संपलेली. मेन गेटसमोर एक मोठं झाड हवं होतं, प्लॅनवर तिथल्या गोलाचा व्यास सगळ्यात मोठा. खिडकीत एक कुंडी होती, त्यातलं रोप महिन्याभरापूर्वीच गेलेलं (माझ्यामुळे, पाणी घालायचं विसरून). उपटलं, मुळं धुतली, हेअर ड्रायरने वाळवली आणि उलटं धरलं. काका काही न बोलता फक्त हात पुढे करून बसले, द्या म्हणून. मुळांच्या फाट्यांना आम्ही जेमतेम चिमूटभर चुरा लावला. वायरने आम्ही जे दिवसभर करत होतो ते त्या मेलेल्या रोपाने मातीत बसून आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करून ठेवलेलं.

लावायला पहाट झाली. दीड मिलिमीटरचं भोक, गमाचा थेंब, झाड, पुढचं भोक. रस्त्याकडेची ओळीत, बाकीची तीन-पाचच्या घोळक्यात, कडेला लहान. पावणेनऊला शेवटचं लागलं आणि गाडी आली ती पंधरा मिनिटं उशिरा, आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला.

मीटिंगला मी गेले होते. क्लायंटची माणसं जमली, इमारतींवर बोलणं झालं, पार्किंगवर वाद झाला, झाडांबद्दल कोणी चकार शब्द नाही, आणि आमच्या धंद्यात ते चांगलंच म्हणायचं, कारण झाड खोटं दिसलं की लगेच बोट जातं. शेवटी त्यांचे सीनियर आर्किटेक्ट वाकले, चष्मा वर केला आणि गेटसमोरच्या त्या झाडाकडे बराच वेळ बघत राहिले. "हे कसं केलंत?" मी म्हटलं, सर, मुळं आहेत, उलटी. "सुंदर आहे," म्हणाले आणि दोन बोटांनी हळूच उपटून माझ्या हातात दिलं. "पण इथे आता फायर इंजिनला वळायला टर्निंग रेडियस येतोय, परवाच प्लॅन बदलला, तुम्हाला मेल आलं नाही का?"

नव्हतं आलं. भोकात मी खिशातल्या पुडीतला चुरा दाबला, गवत म्हणून खपलं.

झाड आता माझ्या मॉनिटरखाली उभं आहे. रोज सकाळी कीबोर्डवर दोन-चार हिरवे कण पडलेले असतात, बाकी १२९ ना हेअरस्प्रे मारला होता, याला मारायचा राहिला.