प्रोफाइल डिलीट करायच्या आधी जरा थांबा

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस म्हणजे दहा-पंधरा माणसं, टॅली, एक्स्पोर्टचे कागद, एक्सेलच्या शीटा, आणि आता बऱ्याच ठिकाणी हे सगळं एका सर्व्हरवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी ज्या ऑफिसांचं काम बघतो तिथं साधारण एकच धाटणी असते, एक दणकट मशीन, त्याच्यावर हायपर-व्ही (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय), आत तीन-चार व्हर्च्युअल सर्व्हर, त्यातला एक डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन-पासवर्ड सांभाळणारा), एक फाइल सर्व्हर आणि एक-दोन रिमोट डेस्कटॉपचे, ज्यांच्यावर सगळे लॉगिन करून दिवसभर बसतात. टेबलावर दहा वर्षं जुना पीसी असला तरी भागतं, त्यामुळे मालक खूश. आणि मग एखाद्या सकाळी अकाउंट्समधून फोन येतो, "सर, माझा डेस्कटॉपच गेला, सगळं कोरं दिसतंय."

यावर बहुतेक जण काय करतात तर सर्व्हरवर जायचं, सी ड्राइव्हमधलं युजर्स उघडायचं, त्या माणसाच्या नावाचं फोल्डर (यातच त्याचा डेस्कटॉप, फाइली आणि सेटिंग असतात, यालाच प्रोफाइल म्हणतात) उडवायचं आणि सांगायचं, परत लॉगिन करा बघू. कधी चालतं, कधी त्याहून मोठा घोळ होतो. माझं म्हणणं असं की अशा केसमध्ये प्रोफाइल बहुतेक वेळा बिघडलेलीच नसते. ती जिथं आहे तिथं धडधाकट असते, फक्त विंडोजला मिळत नसते, एकतर कुणीतरी तिला धरून बसलेलं असतं नाहीतर तिथपर्यंतचा रस्ता बंद असतो. मग डिलीट करून काय मिळणार? असलेला डेटाही जाणार.

थोडं आतलं सांगतो. युजरची सगळी सेटिंग एनटीयूजर डॉट डॅट नावाच्या एका फाइलीत असते, लॉगिनच्या वेळी यूजर प्रोफाइल सर्व्हिस ती उघडून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, त्या युजरच्या एसआयडीखाली (विंडोजने त्याला दिलेला ओळख नंबर) चढवते. ती उघडता आली नाही किंवा फोल्डरच सापडलं नाही, तर विंडोज माणसाला दारातून परत पाठवत नाही, सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये टेम्प नावाचं फोल्डर करून त्यात बसवते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अॅप्लिकेशन लॉगला १५११ नंबर दिसला की समजायचं टेम्प प्रोफाइल दिलीय, सोबत १५१५ असेल तर मूळ प्रोफाइलचा बॅकअप म्हणून नाव बदलून ठेवलंय. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे टेम्प प्रोफाइलमधलं सगळं लॉगऑफ केलं की पुसलं जातं. म्हणून असा फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "लॉगऑफ करू नका, सकाळपासून डेस्कटॉपवर काय सेव्ह केलंय ते आधी शेअर ड्राइव्हवर टाका." लोक घाबरून आधी लॉगऑफच करतात, त्याला इलाज नाही.

आता एक केस सविस्तर सांगतो कारण त्यात सगळा मसाला आहे. टेरी टॉवेलचं एक युनिट, तिथले अकाउंट्सचे काका, आणि ११ तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायचा शेवटचा दिवस. काकांच्या डेस्कटॉपवर महिन्याच्या सगळ्या इनव्हॉइसची एक्सेल, आणि सकाळी बघतात तर निळा वॉलपेपर, रिसायकल बिन आणि बाकी शून्य. त्यांच्या ऑफिसात एक नवीन पोरगा आहे, हुशार आहे, तो म्हणाला, "काका, थांबा, फोल्डर उडवतो, नवीन तयार होईल." मी म्हटलं, हात लावू नको बे त्याला, मी बघतो.

त्या ऑफिसात एफएसलॉजिक्स आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात युजरची आख्खी प्रोफाइल एका व्हीएचडीएक्स फाइलीत, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कमध्ये, फाइल सर्व्हरवर राहते आणि लॉगिनला सर्व्हरला जोडली जाते. मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २०१८ मध्ये घेतली आणि ज्यांच्याकडे रिमोट डेस्कटॉपचे कॅल (सर्व्हर वापरायचे) लायसन्स आहेत त्यांना ते वेगळे पैसे न देता वापरता येतं, त्यामुळे छोट्या ऑफिसांतही आलं. चांगली चीज आहे, पण एक अट, साध्या सेटिंगमध्ये ती डिस्क एका वेळी एकाच सर्व्हरला जोडता येते. खातेवही एकाच्या टेबलावर उघडी असताना दुसऱ्याला ती मिळणार नाही, तसंच.

मग मी फाइल सर्व्हरवर गेलो, पॉवरशेलमध्ये 'गेट-एसएमबीओपनफाइल' (शेअरवरची कुठली फाइल कोणी उघडलीय ते दाखवतं) चालवलं आणि काकांच्या एसआयडीची फाइल शोधली. उघडी होती, आणि क्लायंटच्या रकान्यात पत्ता होता दुसऱ्या सर्व्हरचा. दुसऱ्या सर्व्हरवर 'क्यूयूजर' (कोण कोण लॉगिन आहे ते दाखवणारी कमांड) मारलं तर काकांचं सेशन डिस्कनेक्टेड अवस्थेत पडलेलं. काकांना विचारलं, काल कुठं बसला होता? तर म्हणे, "काही नाही हो, संध्याकाळी एक्स्पोर्टच्या खोलीत त्यांच्या पीसीवरून एक पॅकिंग लिस्ट काढली जरा." आणि उठताना वरचा फुलीचा क्रॉस दाबला. क्रॉस दाबला की सेशन बंद होत नाही, नुसतं डिस्कनेक्ट होतं, आत सगळं उघडंच राहतं आणि डिस्क तिथंच अडकून.

पण मुळात काका दुसऱ्या सर्व्हरवर गेलेच कसे? तर हे सगळं बसवून देणाऱ्या व्हेंडरने दोन सर्व्हर लावले पण कनेक्शन ब्रोकर (कुणाला कुठल्या सर्व्हरवर पाठवायचं ते ठरवणारा) लावलाच नाही, अर्ध्या पीसीवर एका आयपीचा शॉर्टकट, अर्ध्यांवर दुसऱ्याचा, झालं लोड बॅलन्सिंग. ब्रोकर असता तर त्याने काकांना त्यांच्या जुन्या सेशनलाच नेऊन जोडलं असतं. बिल मात्र पूर्ण लावलं होतं.

असो. दुसऱ्या सर्व्हरवरचं सेशन साइनऑफ केलं, फाइल सुटली, पहिल्या सर्व्हरवरून काकांना नीट साइनआउट करून परत लॉगिन करायला सांगितलं, आणि तरीही डेस्कटॉप कोराच. काकांचा चेहरा फोनवरूनसुद्धा दिसत होता मला. इथं बरेच जण हरतात आणि मग डिलीट बटणाकडे जातात. खरं कारण असं की सकाळी डिस्क मिळाली नाही तेव्हा एफएसलॉजिक्सने थोडा वेळ वाट बघितली (आपणहून पाच-पाच सेकंदांनी बारा वेळा प्रयत्न करतं, म्हणजे मिनिटभर, तेव्हाच लोक म्हणतात आज लॉगिन लई स्लो आहे) आणि मग काकांना त्या सर्व्हरवरची एक नवी कोरी लोकल प्रोफाइल देऊन टाकली. आणि एकदा लोकल प्रोफाइल दिसली की एफएसलॉजिक्स म्हणतं, याच्याकडे आहे की प्रोफाइल, मी कशाला मध्ये पडू? डिस्क मोकळी असूनसुद्धा जोडतच नाही. हे सगळं प्रोग्रामडेटातल्या एफएसलॉजिक्सच्या लॉग्जमध्ये प्रोफाइल फोल्डरात तारखेनुसार लिहिलेलं असतं, अगदी सरळ भाषेत, पण ते उघडतो कोण.

उपाय रजिस्ट्रीत आहे, 'डिलीटलोकलप्रोफाइलव्हेनव्हीएचडीशुडअप्लाय' अशा लांबलचक नावाची किंमत १ करायची, मग डिस्क असलेल्या युजरची लोकल प्रोफाइल ते स्वतःच काढून टाकतं आणि डिस्क जोडतं. पण लक्षात घ्या, काढून टाकतं म्हणजे खरंच काढून टाकतं, सकाळपासून त्या कोऱ्या डेस्कटॉपवर काही सेव्ह केलं असेल तर गेलं. म्हणून आधी ते कॉपी, मग ही किंमत, मग लॉगिन. काकांचा डेस्कटॉप आला, सिद्धेश्वर तलावाचा वॉलपेपर, त्यावर दाटीवाटीने बसलेल्या फाइली, आणि त्यात ती इनव्हॉइसची एक्सेल. रिटर्न संध्याकाळच्या आत गेलं.

त्यानंतर तिथं दोन गोष्टी केल्या. डिस्कनेक्ट झालेलं सेशन ठरावीक वेळाने आपोआप संपवायची ग्रुप पॉलिसी (डोमेनमधून सगळ्या मशीनना एकदम लागणारं सेटिंग) लावली, हे तर कुठल्याही रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर पहिल्याच दिवशी करायला पाहिजे. आणि दुसरी, प्रोफाइल मिळाली नाही तर लॉगिनच होऊ द्यायचं नाही. एफएसलॉजिक्समध्ये 'प्रिव्हेंटलॉगिनविथफेल्युअर' आणि 'प्रिव्हेंटलॉगिनविथटेम्पप्रोफाइल' आहेत, साध्या सर्व्हरवर ग्रुप पॉलिसीत यूजर प्रोफाइल्सखाली टेम्प प्रोफाइलने लॉगिन नको असं सेटिंग मिळतं. मालकांना हे पटत नाही, काम थांबतं म्हणतात. मला विचाराल तर एरर दिसली की माणूस लगेच फोन करतो, कोरा डेस्कटॉप दिसला की तो दुपारपर्यंत त्यातच काम करतो आणि जेवायला जाताना लॉगऑफ करतो.

साध्या लोकल प्रोफाइलच्या सर्व्हरवर प्रकार वेगळा असतो. तिथं रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्टमध्ये बघायचं, एकाच एसआयडीच्या दोन नोंदी दिसतात, एक साधी आणि एक डॉट बॅक लागलेली. डॉट बॅकवाली खरी, साधी टेम्पची. दोन्हीतला प्रोफाइलइमेजपाथ वाचून खात्री करायची, रजिस्ट्रीचा एक्स्पोर्ट घेऊन ठेवायचा, साधीचं नाव बदलायचं, खरीचं डॉट बॅक काढायचं आणि तिच्यातलं स्टेट आणि रेफकाउंट शून्य करायचं. एक्सप्लोररमधून फोल्डर उडवणाऱ्यांचा घोळ इथंच होतो, फोल्डर गेलं तरी प्रोफाइललिस्टची नोंद तशीच राहते आणि पुढच्या लॉगिनला परत टेम्प. खरंच काढायची असेल तर सिस्टीम प्रॉपर्टीजच्या अॅडव्हान्स्डमधल्या यूजर प्रोफाइल्समधून काढा, तिथून नोंदही जाते.

वीज गेल्यावरचा किस्सा तर आपल्याकडे उन्हाळाभर चालतो. यूपीएसची बॅटरी मेली, आख्खं मशीन बंद पडलं, लाइट आली, मशीन उठलं आणि सगळे व्हर्च्युअल सर्व्हर एकदम धावत सुटले. रिमोट डेस्कटॉपवाला आधी तयार, फाइल सर्व्हर अजून डोळे चोळतोय, आणि घाईत असलेल्या दोघा-तिघांनी तेवढ्यात लॉगिन केलं की त्यांना कोरी प्रोफाइल. त्यामुळे एकाच वेळी बऱ्याच जणांचं गेलं असेल तर प्रोफाइलकडे बघूच नका, फाइल सर्व्हर किंवा शेअर बघा. हायपर-व्हीत प्रत्येक मशीनच्या ऑटोमॅटिक स्टार्ट अॅक्शनमध्ये सेकंदात डिले देता येतो, डोमेन कंट्रोलर शून्य, फाइल सर्व्हर थोड्या वेळाने, रिमोट डेस्कटॉप सगळ्यात शेवटी. आणि घड्याळ बघा. डोमेनच्या वेळेत आणि सर्व्हरच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरोस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी यंत्रणा) तिकीट नाकारतं, शेअर उघडत नाही, आणि दिसतं मात्र प्रोफाइलचा प्रॉब्लेम म्हणून. मदरबोर्डचा सेल संपलेलं जुनं होस्ट मशीन असेल तर हे हमखास.

चेकपॉइंटवर, म्हणजे हायपर-व्हीत जपून ठेवलेल्या मशीनच्या जुन्या अवस्थेवर, मागे जाणाऱ्यांनाही हात जोडून विनंती. काहीतरी बिघडलं म्हणून रिमोट डेस्कटॉपचं मशीन जुन्या चेकपॉइंटला नेलं तर त्याचा डोमेनमधला मशीन पासवर्डही जुना होतो (तो साधारण ३० दिवसांनी बदलत असतो), मग ट्रस्ट रिलेशनशिप तुटल्याची एरर, आणि सर्व्हरवर लोकल प्रोफाइली असतील तर त्याही जुन्या तारखेच्या. प्रोफाइलसाठी चेकपॉइंट हा बॅकअप नव्हेच.

बाकी छोटी कारणं भराभर. डिस्क भरलेली असते, एफएसलॉजिक्सची मर्यादा आपणहून ३० जीबी, जुन्या यूजर प्रोफाइल डिस्कची (रिमोट डेस्कटॉपमधली तशीच आधीची सोय) २० जीबी, आणि आउटलुकची ओएसटी फाइल (मेलची लोकल प्रत) ती कधी खाते कळत नाही. अँटीव्हायरस व्हीएचडीएक्स स्कॅन करत बसतो, त्या फाइली स्कॅनमधून वगळायचं एक्सक्लूजन टाका. जुन्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ वरून २०१६ वर गेलात आणि रोमिंग प्रोफाइल (फाइल सर्व्हरवर ठेवून लॉगिनला कॉपी होणाऱ्या) होत्या तर जुनी डॉट व्ही२ फोल्डरात आणि नवी डॉट व्ही६ मध्ये, नवीन सर्व्हर जुनीकडे बघणारच नाही, बिघाड काहीच नसतो त्यात.

आणि २०१६-२०१९ च्या सर्व्हरवर डेस्कटॉप येतो पण स्टार्ट मेनू उघडत नाही, लॉगिन दिवसेंदिवस जड होत चाललंय असं असेल तर फायरवॉलचे रूल मोजा. तिथं युजरमागे अॅपचे रूल लॉगिनला तयार होतात आणि लॉगऑफला जात नाहीत, साठत साठत हजारोंवर जातात. फायरवॉल पॉलिसीच्या रजिस्ट्रीत 'डिलीटयूजरअॅपकंटेनर्सऑनलॉगऑफ' १ केलं की नवीन साठणं थांबतं, जुने मात्र स्क्रिप्टने साफ करावे लागतात, आणि ते काम रविवारी करा, रूल जास्त असतील तर लई वेळ खातं. २०१६ चा सपोर्ट तसाही जानेवारी २०२७ मध्ये संपतोय, त्यामुळे ज्यांच्याकडे अजून तेच आहे त्यांनी मालकाकडे नवीन सर्व्हरचा विषय काढताना ब्रोकरचा खर्चही त्याच कोटेशनमध्ये धरा.