हो, पहिल्यांदाच

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

मी ‘हो’ का म्हटलं?

दुपारपासून हेच चाललंय डोक्यात. भांडी झाली, आईच्या गोळ्या देऊन झाल्या, सातवीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि तीन वह्यांनंतर बाजूला सारल्या. दादरच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलची शाखा इथे गोव्यात, कांदोळीला निघालीय, तिथे आज विनीबरोबर गेले होते. प्रश्न साधा होता. त्या मुलाने पाण्याचे ग्लास ठेवले, मेनूकार्ड उघडून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “मॅम, पहली बार आए हैं आप?” मी म्हटलं, “हां.”

विनीने माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. तिने तरी बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

मग तो मला साबुदाणा वडा म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला. अगदी मनापासून. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, आत दाण्याचं कूट, उपासाला चालतो. नंतर पीयूष. श्रीखंडासारखंच असतं पण प्यायचं, वर जायफळ. थालीपीठ लोण्याबरोबर खायचं. मी मान डोलावत ऐकत होते. 1994पासून मी हे खातेय आणि आज कांदोळीत बसून कुणीतरी मला ते शिकवत होतं. घशात काहीतरी अडकलं होतं. पाणी प्यायले तरी ते खाली गेलं नाही.

दादरला मी कधी मेनूकार्ड पाहिल्याचं आठवत नाही. तिथे ते भिंतीवर होतं, फळ्यावर, आणि बाबा त्याच्याकडे पाठ करूनच बसायचे.

परळचं काम आटोपलं की आम्ही तिथे जायचो. बाबांच्या हातात एक्स-रेचं ते मोठं खाकी पाकीट असायचं. टेबलावर मावायचं नाही आणि खाली ठेवलेलं बाबांना चालायचं नाही. गल्ल्यावरचे काका ते त्यांच्या हातातून घ्यायचे आणि गल्ल्यामागे भिंतीला टेकवून ठेवायचे, आणि आत ओरडायचे, “गोंयकार इले रे!” काका कुडाळकडचे. मग न सांगता एक थालीपीठ, एक वडा आणि दोन बशा. पुढे पुढे बाबांना तिखट चालेनासं झालं तेव्हा चटणीच्या जागी दह्याची वाटी यायला लागली. तेही आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही की परळला काय म्हणाले. गाडी वेळेत आली का, एवढंच विचारायचे.

सुरुवातीला गाडी नव्हतीच. म्हापशाहून संध्याकाळी निघणारी बस, तेव्हाचा 17 नंबरचा हायवे, रात्रभर घाट, आणि सकाळी दादरला उतरलो की पाय सुजलेले. कोकण रेल्वे 1998 साली मुंबईपर्यंत जोडली गेली आणि थिवी आमचं स्टेशन झालं. बाबा म्हणाले होते, आता मुंबई जवळ आली. मग परतताना दादरलाच रात्री कोकणकन्या पकडायची. जाताना आमच्याकडे शुक्रवारच्या बाजारातल्या हरमलच्या मिरच्या असायच्या, काकांसाठी, आणि येताना आईसाठी वड्यांचं पुडकं.

बाबा गेल्यानंतर मी तिथे पहिल्यांदा गेले ते... ते आज लिहीत नाही.

तर एवढं सगळं असताना मी ‘हो’ म्हटलं.

आधी वाटलं, राग आहे. ही जागा माझी होती, ती हजारोंनी फेसबुकवर फोटो टाकण्यासाठी इथे का आणली? पण राग नव्हता. आसगावात दिल्लीच्या हौज खासहून गनपावडर हे हॉटेल आलं त्याला कितीतरी वर्षं झाली. मग दिल्लीचंच जामून आलं, वांद्र्याचं इझुमी आलं. 2020नंतर शहरातली माणसं लॅपटॉप घेऊन हणजूण-शिवोलीला राहायला आली, तिथली हॉटेलं त्यांच्या मागोमाग आली. मोपाचा विमानतळ 2023च्या जानेवारीत सुरू झाला आणि आणखी सोपं झालं. या सगळ्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. शाळेतल्या बाकीच्या बायका भाड्यांबद्दल, ट्रॅफिकबद्दल बोलायच्या, ते खरंच आहे, म्हापशाहून कांदोळीला जायला आज पाऊण तास लागला. पण त्या हॉटेलांबद्दल मला काही वाटलं नाही, कारण ती माझी नव्हती. कुणाची तरी होती. वांद्र्यात कॉलेजपासून इझुमीत जाणारं कुणीतरी आसगावातल्या त्या दारात असंच उभं राहिलं असेल आणि त्यालाही कुणीतरी असंच विचारलं असेल. त्या माणसाबद्दल मी इतकी वर्षं विचारही केला नव्हता.

आणि आपण तरी काय केलं? धोबी तलावाला गोव्याच्या गावागावांचे कूड झाले, बोटीवर जाणाऱ्यांना आपल्या गावच्या माणसांत चार दिवस राहता यावं म्हणून. दादर-गिरगावात गोमांतकी खानावळी झाल्या. बाबाच मला एकदा तिथल्या एका खानावळीत घेऊन गेले होते आणि हुमण खाऊन म्हणाले होते, घरची आठवण झाली. घर सोडून दीड दिवस झाला होता. आता मुंबईच्या बीकेसीत ओ पेद्रो हे गोव्याच्या जेवणाचं हॉटेल आहे 2017पासून, तिथे आपला पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, मुंबईची माणसं आवडीने खातात. तिथेही एखाद्या म्हापशाच्या मुलीला कुणीतरी पोई म्हणजे काय ते सांगत असेल. तिला काय वाटत असेल?

नाही, राग नाही. मग काय आहे?

दादरला मी ‘गोंयकार’ होते. इथे तर कुणी मला गोंयकार म्हणत नाही, कारण इथे सगळेच आहेत. ते माझं नाव फक्त त्या एका टेबलावर होतं. मांडवीने गेले की कोकणकन्येने, काकांच्या त्या एका हाकेने मी कुठून आले ते त्या अख्ख्या खोलीला कळायचं. आज माझ्या आजोळात, माझ्या मामाच्या घराशेजारी, त्याच वड्यासमोर बसले होते आणि मी कोण ते कुणालाच माहीत नव्हतं.

हो, मामाच्या घराशेजारीच. हॉटेल ज्या घरात निघालंय ते घर मला माहीत आहे. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या त्यांनी तशाच ठेवल्यात, छान घासूनपुसून. मेच्या सुट्टीत त्याच बलकांवावर, दारापुढच्या ओसरीवर, आम्ही सगळी मुलं पोदेराच्या, पाववाल्याच्या, भोंग्याची वाट पाहत बसायचो. आता तिथे वाट पाहणाऱ्यांसाठी बाक टाकलाय. मीही आज वीस मिनिटं तिथेच बसले, नंबर लागेपर्यंत. विनीला सांगितलं नाही. ती फोनवर होती.

म्हणजे घर पहिल्यांदा नव्हतं, वडा पहिल्यांदा नव्हता, आणि मी ‘हां’ म्हटलं.

चवीबद्दल लिहायचं राहिलं. चव तीच होती. मला वाटलं होतं नसेल, आणि खरं सांगायचं तर नसावी असं वाटत होतं. मग मी विनीला म्हटलं असतं, बघ, ती मजा नाही, आणि घरी आले असते. पण तीच होती. दाणे जाडसर भरडलेले, मिरची वाटून नाही तर बारीक चिरून, पीयूषमध्ये जायफळ जेवढं हवं तेवढंच. पहिल्याच घोटाला डोळे भरले. तो मुलगा जवळच उभा होता, त्याने विचारलं, “अच्छा है ना मॅम?” त्याला वाटलं मला आवडलं. आवडलंच होतं.

विनीनेच त्याला विचारलं, कुठला तू? झारखंडचा, गुमल्याकडचा. ऑक्टोबरमध्ये आला, सीझनला. दादर पाहिलंय का, विचारल्यावर म्हणाला नाही, मुंबईत स्टेशन बदलण्यापुरता उतरला होता. साबुदाणा वडा त्याने इथेच पहिल्यांदा खाल्ला. ट्रेनिंगमध्ये शिकवलं ते तो सांगतो. त्याला दोष कसा देऊ? 2011च्या जनगणनेत गोव्याची वस्ती साडेचौदा लाख होती, आणि 2024 साली इथे आलेले पाहुणे एक कोटीच्या वर. दारातून आत येणाऱ्याला ‘पहली बार?’ विचारणं हाच बरोबर अंदाज आहे. काकांकडे रोज तीच माणसं यायची. याच्याकडे आज आलेलं माणूस बहुतेक उद्या विमानात असतं.

पण मला आता एक आठवतंय, आणि ते मला बरं वाटू देत नाहीये.

काकांचं नाव मला माहीत नाही.

पंचवीसहून जास्त वर्षं. मिरच्या नेल्या, कधी आगळाची बाटली नेली, दिवाळीनंतर गेले तर डब्यातून नेवऱ्या नेल्या. नाव विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. 2020च्या त्या बंदनंतर मी गेले तेव्हा काका नव्हते. गल्ल्यावर नवीन मुलगा होता. मी विचारलं, “ते काका कुठे असतात हल्ली?” तो म्हणाला, “कोणते काका?” आणि मला पुढे काही सांगता येईना. उंच नव्हते, चष्मा होता, कुडाळकडचे. असे तिथे आणखीही कुणी असतील. त्याने विचारलं, “किती जण?” मी एक बोट दाखवलं आणि भिंतीकडच्या टेबलावर जाऊन बसले. त्या दिवशीही मला कुणी ओळखलं नव्हतं. दादरला, आमच्याच टेबलावर. ते मी विनीला सांगितलं नव्हतं, इथेही लिहिलं नव्हतं. आज दुपारी कांदोळीत ज्याचं एवढं दुखलं ते तिथेच, तेव्हाच हरवलं होतं. ही शाखा नसती निघाली तरी ते मला परत मिळणार नव्हतं.

आणि त्या मुलाच्या शर्टावर नावाची पट्टी होती. तासभर तो आमच्याभोवती होता. मी ती वाचली नाही.

‘नाही’ म्हटलं असतं तर तो पुढे विचारणार, दादरला जायचात का, कधीपासून? मग परळ आलं असतं. एक्स-रेचं पाकीट आलं असतं. ‘हां’ म्हटलं की वडा येतो आणि गप्प बसता येतं. एवढंच कारण आहे बहुतेक. दुपारपासून शोधत होते ते.

आणि नीट पाहिलं तर मी खोटंही बोलले नाही. त्याने एवढंच विचारलं होतं, इथे पहिल्यांदा आलात का? इथे मी पहिल्यांदाच गेले होते. बाबांशिवाय, काकांशिवाय, गाडीशिवाय, विनीच्या कारमधून, मंगळवारी, अर्ध्या रजेवर. असं कधीच गेले नव्हते.

आता निजायला हवं, पण आईचं लिहून ठेवते.

निघताना आईसाठी दोन वडे बांधून मागितले. तो मुलगा खोका घेऊन दारापर्यंत आला आणि म्हणाला, “मॅम, ढक्कन खुला रखिए, नहीं तो नरम हो जाएगा।” विनी गाडी चालवत होती, मी खोका मांडीवर उघडा धरून बसले होते. पर्रापाशी ट्रॅफिक, गाडीभर तुपाचा आणि दाण्याचा वास, काच खाली. घरी पोहोचलो तेव्हा आई देवाशी वाती करत होती. तिला बशीत वडा दिला.

आई परळला कधीच आली नाही. कुणीतरी घरी राहायला हवं होतं, धाकटा लहान होता. बाबा इतकी वर्षं तिच्यासाठी वडे आणायचे, रात्रभर कोकणकन्येत वर्तमानपत्रात बांधलेले, सकाळी थिवीला उतरेपर्यंत कागदाला तेल सुटलेलं आणि वडा गार, लिबलिबीत. आई ते तव्यावर परतून खायची आणि म्हणायची, बरो आसा. दर खेपेला म्हणायची. तिला तो वडा असाच असतो असं वाटत होतं.

आज तिने एक तुकडा मोडला. कुर्रकन आवाज झाला. तिने हात थांबवला, बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हो असो आसता गो?”

दोन्ही खाल्ले. एरवी संध्याकाळी ती चहाशिवाय काही घेत नाही. हात धुऊन आली आणि विचारलं, किती लांब आहे? मी सांगितलं, आपल्या मामाच्या घराशेजारी. तिला ते घर लगेच कळलं. म्हणाली, गुरुवारी एकादशी आहे, जमलं तर आण.

आणीन म्हटलंय. चौथा तास संपला की निघता येईल. खोका उघडा ठेवायला सांगायला लागणार नाही, पण तो सांगेल तर ऐकून घेईन, आणि शर्टावरचं वाचीन.