नुसतं ऐकायला गेले होते

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात येऊन मला आता तिसरं वर्ष. पबमधलं आयरिश संगीत बरंच ऐकून झालं होतं. त्यामुळे ऑफिसातल्या मैत्रिणीने "शनिवारी आमच्या गावी रॅम्बलिंग हाउस आहे, येतेस?" असं विचारलं, तेव्हा बसू एका कोपऱ्यात म्हणून गेले. तिथेच फसले.

रॅम्बलिंग हाउस म्हणजे पूर्वी खेड्यातलं असं एखादं घर, जिथे हिवाळ्याच्या रात्री शेजारीपाजारी आमंत्रणाशिवाय येऊन चुलीभोवती बसायचे. गोष्टी, गाणी, गावच्या उखाळ्यापाखाळ्या, आणि मग तिथेच स्वयंपाकघरात नाच. १९३५ साली सरकारने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा केला. त्याचा आधार घेऊन पाद्री आणि पोलीस घरगुती नाचांच्याही मागे लागले. आता क्लेअर काउंटीतल्या या गावात बैठक भरते ती हॉलमध्ये. ट्यूबलाइट, स्टॅकिंगच्या खुर्च्या, किटलीभर चहा, हॅम सँडविच (मी ब्राउन ब्रेड आणि लोण्यावर भागवलं) आणि दारातच गळ्यात मारलेलं रॅफलचं तिकीट.

सुरुवात वाद्यांनी झाली. दोन फिडल, एक कॉन्सर्टिना, एक टिन व्हिसल आणि बाउरॉन. हे बाउरॉन आपल्या डफाचं भावंडच, बकऱ्याचं कातडं ताणून केलेलं. फक्त वाजवतात ते छोट्या काठीने. लहानपणी चार वर्षं तबला शिकले ते असं कामी आलं : जिग ही नाचाची धून सुरू झाली आणि माझी बोटं मांडीवर आपोआप दादरा धरायला लागली. तीन-तीनचे सहा! रील ही दुसऱ्या चालीची नाचाची धून आली की केरवा. समेवर मान हलवायची मात्र सोय नाही, कारण एक धून संपते न संपते तोच ते न थांबता दुसरीत शिरतात.

मग गोष्ट सांगणारे आजोबा उठले. अशा माणसाला इथे शॅनखी म्हणतात. "फदो, फदो" म्हणाले, म्हणजे फार फार वर्षांपूर्वी, आणि मला आटपाट नगरच दिसलं. गोष्ट उशीनची. पांढऱ्या घोड्यावरून आलेल्या नीवबरोबर तो चिरतारुण्याच्या देशात जातो. थोडे दिवस राहिलो असं त्याला वाटतं, इकडे तीनशे वर्षं उलटतात. घरच्या ओढीने तो परत यायला निघतो. अट एकच, घोड्यावरून पाय खाली टेकवायचा नाही. पण दगड उचलणाऱ्या माणसांना मदत करायला तो खाली वाकतो, खोगिराचा पट्टा तुटतो आणि जमिनीवर पडताच तो जख्ख म्हातारा होतो. आजोबांनी इथे हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. ब्रह्मलोकात जाऊन आलेला रेवतीचा बाप मला आठवला. खरं तर परदेशात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकवूच नये.

१९३७ ते १९३९ या काळात इथल्या सुमारे ५०,००० शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून अशा गोष्टी, म्हणी, औषधं वह्यांत उतरवून घेतली. मैत्रिणीची आजी त्यांतलीच एक. आपल्याकडे मुलांना असा गृहपाठ कुणी दिला असता तर!

आणि मग आला नोबल कॉल. ज्याचं गाणं संपतं, त्याला पुढच्याचं नाव पुकारायचा हक्क. पुकारलेल्याने नाही म्हणायचं नाही. ट्रॅक्टरवर स्वतः रचलेली कविता म्हणून एक काका खाली बसले आणि त्यांचं बोट माझ्याकडे वळलं.

मला आजीच्या जात्यावरच्या ओव्याच तेवढ्या येतात. "पहिली माझी ओवी" करत तिसरीपर्यंत पोचले आणि चौथी विसरले. पहिलीच पुन्हा म्हटली, कुणाला काय कळतंय! शेजारच्या आजींनी डोळे मिटून माझा हात हातात घेतला आणि लयीत गोल गोल फिरवायला लागल्या. 'शॅन नोस' म्हणजे जुन्या रीतीचं, वाद्यांशिवायचं गाणं गाणाऱ्याला इथे असा आधार देतात, हे मला मागाहून कळलं. मला तेव्हा फक्त जात्याचा खुंटाच दिसत होता.

टाळ्या थांबल्या तरी सगळे माझ्याकडेच बघत होते. मग लक्षात आलं, आता हक्क माझा. मी मैत्रिणीकडे बोट केलं. "दुष्ट आहेस," असं पुटपुटत ती उठली.