ठाणे ते न्यूयॉर्क, आईसोबत

ताई न्यू जर्सीला गेल्यापासून आई एकच विचारायची, "किती लांब आहे रे?" मी आपलं साडेबारा हजार किलोमीटर सांगायचो, पण आकड्याने तिला काय कळणार. मग तिकीट काढलं त्या रात्री मुलाचा पृथ्वीगोल घेऊन बसलो, शिवणाच्या डब्यातला लाल दोरा मुंबईवर धरला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला, तर दोरा सरळ पश्चिमेला न जाता वर वर सरकत रशिया, नॉर्वे, आइसलंड करत उतरला. भिंतीवरच्या नकाशात हे दिसतच नाही. आईने दोरा मोजला आणि म्हणाली, "दीड वीतही नाही की."

मे 2025 चा शेवट होता. रात्री 10 ला नौपाड्यातून निघालो, हायवे बरा मोकळा मिळाला. विमान पावणेदोनचं. आईचा पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे खिडकी तिला दिली.

आमचं विमान काही दोऱ्यावरून गेलं नाही. एप्रिलपासून पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद होती, म्हणून आधी समुद्रावरून ओमानच्या बाजूला वळसा. स्क्रीनवर वेग बघत होतो, हवा समोरून असली की जमिनीवरचा वेग 800 च्या आसपास यायचा. वर 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, जाताना तो अंगावर येतो. म्हणून 16 तास. तेवढ्यात आईने डब्यातली मेथीची भाकरी काढली, शेजारच्या गुजराती काकूंना पण दिली, आणि दर दोन तासांनी उठून मागेपर्यंत चालून यायची. हे फार महत्त्वाचं आहे हां, वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर त्यांना बसवून ठेवू नका, पायांवर सूज येते, पाणीही मागून मागून प्यायला द्या.

उतरलो तेव्हा तिथे सकाळचे सव्वाआठ. घड्याळाप्रमाणे साडेसहाच तास झालेले! साडेनऊ तासांचा फरक. आईने मनगटावरचं घड्याळ काही बदललं नाही, म्हणाली, "घरी दिवे लागायची वेळ झाली ना, कळायला हवं मला." बाहेर ताई उभी होती. आईने तिचा चेहरा दोन्ही हातात धरला आणि बराच वेळ कोणी काही बोललंच नाही.

तीन आठवड्यांनी परत येताना वारा पाठीशी, साडेचौदा तासांत मुंबई. दुपारी 12 ला निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला उतरलो.

घरी आल्यावर आईने तो लाल दोरा शोधला, देवघरातल्या ताईच्या फोटोला गुंडाळला आणि मग चहा टाकला.