काकांच्या सायकलचा हँगर

माझ्या टेबलावर एक वाकून सरळ केलेला डिरेलर हँगर पडून आहे. अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा, मागच्या चाकाजवळ फ्रेमला लागतो आणि त्यावर गिअर बदलणारा डिरेलर लटकतो. मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे धक्का बसला तर फ्रेम न तुटता हा वाकतो. याच्या बोल्टच्या भोकाजवळ एक चीर आहे, डोळ्याला नीट दिसत नाही पण नख फिरवलं की लागते. गेले आठ दिवस मी येता-जाता नख फिरवून बघतोय.

नागपूरला प्रतापनगरात माझं सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे, आता सोळावं वर्ष. हा हँगर ज्यांच्या सायकलचा ते काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, काकू शाळेत शिकवायच्या, माहेर काटोलकडचं, संत्र्याचे बगीचे. दोघांनी ठरवलं की जर्मनीत मोझेल नदीच्या काठानं सायकलनं जायचं, ट्रियरपासून कोब्लेंझपर्यंत, साधारण 200 किलोमीटर, दोन्हीकडं द्राक्षांचे मळे. पोरांनी आधी नाही म्हटलं, मग नातेवाइकांनी, माझ्याकडं आले तेव्हा दोघंही हट्टालाच पेटलेले होते आणि मला ते फार आवडलं. चार महिने तयारी केली. दोन्ही हायब्रीड, जुन्याच, मागं 11 ते 34 ची नऊ चकत्यांची कॅसेट, 38 चे टायर आणि मुद्दाम क्विक रिलीजवाली चाकं, म्हणजे पोकळ एक्सलमधून बारीक सळई जाते आणि खटका उघडला की चाक निघतं. आजकाल सगळ्यांना थ्रू एक्सल, म्हणजे फ्रेममधून आरपार जाणारा जाड एक्सल पाहिजे, पण लांबच्या टूरला साधा एक्सल बरा हे माझं जुनं मत आहे आणि ते पुढं कामाला आलं. बॅगा भरून रामटेकपर्यंत जाऊन येणं झालं, सेमिनरी हिल्सचा चढ तर काकूंनी पाठ केला होता.

स्पेअर हँगर मात्र मिळाला नाही. ही माझी कायमची चीड आहे. प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, भोकं वेगळी, आकार वेगळा आणि मॉडेल पाच वर्षं जुनं झालं की डिस्ट्रिब्युटर म्हणतो स्टॉकमध्ये नाही. 300-400 रुपयांच्या तुकड्यासाठी 40 हजारांची सायकल उभी राहते. आणि लोकांनाही हँगर माहीत नसतो, 'भाऊ, गिअर सेटिंग करून द्या' एवढंच, वर घरी स्वतः स्क्रू फिरवून आणतात आणि मग मूळ बिघाड कुठला हे शोधण्यात माझा अर्धा दिवस जातो.

तर निघायच्या आदल्या रात्री बॉक्स पॅकिंग. पेडल काढा, हँडल फिरवा, चाकं काढा, फोर्कमध्ये प्लास्टिकचा स्पेसर लावा आणि मागचा डिरेलर काढून चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाकडं जाणाऱ्या फ्रेमच्या आडव्या नळीच्या आतल्या बाजूला बांधून टाका, म्हणजे बाहेर काही निघून राहत नाही. काकूंच्या सायकलचं मी हे सगळं केलं. काकांची घेतली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दुकानातल्या पोरानं विचारलं, "भाऊ, डिरेलर काढू का?" मी म्हटलं, राहू दे. कारण असं की आधी दोनदा काकांकडून तो परत लावायची प्रॅक्टिस करून घेतली होती आणि दोन्ही वेळा त्यांचा बोल्ट तिरपा गेला. परदेशात जाऊन आटे बिघडवून ठेवतील त्यापेक्षा लावलेलाच राहू दे, वरून पुठ्ठ्याच्या तीन घड्या बांधतो, असा विचार केला. खरंच असाच विचार केला होता. घरी जायची घाई नव्हती असं मात्र म्हणत नाही.

ट्रियरला पोचल्यावर काकांचा मेसेज आला, बॉक्सला उजवीकडून भोक पडलंय पण सायकल चालून राहिली, काळजी नको. दोन दिवस मस्त चालली. आता कळतं का चालली ते. मोझेलचा सायकलचा रस्ता नदीच्या कडेनं जातो, जवळपास सपाट, बराचसा डांबरी. काका लहान चकत्यांवरच होते, आणि वाकलेला हँगर लहान चकत्यांवर थोडी खडखड करतो, बाकी काही सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार. इथं नवतपा लागलेला, दुकानात कूलर गरम हवाच फेकत होता, दुपारचे दीड, तिकडं सकाळचे दहा. व्हिडिओ कॉल आला. बर्नकास्टेल-क्यूस सोडून पुढं एका गावाबाहेर, नदीचं वळण वरून बघायचं म्हणून दोघं मळ्यातल्या चढावर वळले आणि काकांनी पहिल्यांदाच सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकली. "टक टक टक आवाज आला अन् मी थांबलो ना जी." मी म्हटलं सायकल उलटी करा, मागून दाखवा. डिरेलरचा चेन धरणारा पिंजरा सरळ आत, चाकाच्या तारांकडं वाकलेला. अजून दोन पेडल मारले असते तर पिंजरा तारांमध्ये गेला असता, चाक जाम आणि काका उतारावर खाली.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा म्हणता आलं असतं. पण बुकिंग पुढच्या गावात होतं, काकांचा चेहरा पडलेला आणि मला एक गोष्ट माहीत होती. हँगरच्या ज्या भोकात डिरेलर बसतो त्याचे आटे 10 एमएमचे, 1 च्या पिचचे, म्हणजे दोन आट्यांत 1 एमएम अंतर, आणि क्विक रिलीजच्या मागच्या हबचा एक्सलही नेमका तेवढाच. म्हणजे काकूंच्या सायकलचं मागचं चाक काढा, त्यातली सळई काढा, एक्सलचं टोक काकांच्या हँगरमध्ये बसवा, झाला अलाइनमेंट गेज, म्हणजे हँगर सरळ आहे का ते तपासायचं आणि सरळ करायचं हत्यार. आमचा गेज हातभर लांब, हे तर आख्खं चाक.

काकांचे हात थरथरत होते म्हणून काकूंनी घेतलं. पाच नंबरच्या अॅलन कीनं डिरेलर सोडला, चेनवरच लटकू दिला. एक्सल फिरवायला लॉकनटवर पाना पाहिजे, तो नव्हता. खालच्या शेडमध्ये एक शेतकरी ट्रॅक्टरशी काहीतरी करत होता, काकू खाणाखुणा करून त्याच्याकडून पाना घेऊन आल्या, पाठोपाठ तोही आला. मी सांगितलं, काकू, आधी उलटं फिरवा, आटा खाली बसल्याचा 'टक' जाणवला की मग सरळ. तीन वेळा उलटं फिरवलं त्यांनी. मग म्हणाल्या, "बसला रे." बरं वाटलं मला, आटे गेले असते तर खेळ खलास.

आता दोन चाकं शेजारी-शेजारी, एक काकांचं, एक काकूंचं. दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढं, मागं सारखं यायला पाहिजे. मोजायला काही नव्हतं. काकूंनी जमिनीवरची द्राक्षाच्या वेलीची छाटलेली वाळकी काडी उचलली, वरच्या अंतराएवढी मोडली, खाली लावली तर मावेना, जवळजवळ नखभर कमी. मागं धरली तर ढिली. मी इकडून सांगून राहिलो, खालून बाहेर ओढा, थोडंच, परत मोजा, आता काडी थोडी मोडून घ्या. जोर अजिबात लावू नका, अॅल्युमिनियम एकदा वाकतं, एकदा सरळ होतं, तिसऱ्यांदा सोडतं. चाळीस मिनिटं लागली. शेतकऱ्यानं सायकल दाबून धरली होती आणि काका मध्येच मला सांगत होते की नदीवर बंधारे आणि जहाजं वर-खाली नेणारे लॉक आहेत, 1964 ला मोठ्या जहाजांसाठी खुली केली म्हणून पाणी असं संथ, आपल्याकडं असं फारसं दिसत नाही. मी म्हटलं काका, मोबाइल हलवू नका.

शेवटी काडी चारही बाजूंना अडकून-अडकून सारखी बसली. डिरेलर लावला, एल स्क्रू, म्हणजे चेन आत मोठ्या चकतीकडं कुठवर जाईल ते ठरवणारा, आत घेऊन सगळ्यात मोठी चकती बंदच करून टाकली. मोठा चढ आला तर उतरून चाला म्हटलं. तेवढ्यात काका म्हणाले, "विमानवाल्यांनी आपटली बघ, तू तर एवढं नीट बांधून दिलं होतं." मी 'हो ना' म्हटलं. सहज तोंडातून निघालं.

पुढचे चार दिवस मी रोज रात्री बाराच्या आधी झोपलो नाही. उतारावर तुटला तर, हेच डोक्यात. रोज फोटो येत होते. ब्रेमजवळचा काल्मोंट, 65 अंशापर्यंतचा उतार, त्यावर वेली. काकूंनी लिहिलं की इथं एकेका वेलीला एकेक खांब, फांद्या वाकवून बदामासारख्या बांधतात, पाटीच्या दगडाची माती दिवसभराचं ऊन धरून ठेवते, आमच्या बाबांनी हे बघायला पाहिजे होतं. मग एक दिवस कोब्लेंझ, मोझेल ऱ्हाईनला मिळते तिथं दोघं सायकली टेकवून उभे. मी तो फोटो दुकानात सगळ्यांना दाखवला.

परत आल्यावर हँगर काढला आणि चीर सापडली. तेवढ्यावर ते 130 किलोमीटर चालले.

मागच्या आठवड्यात काका आले, पेढे घेऊन. विमान कंपनीकडं तक्रार टाकायची आहे, तुझ्या लेटरहेडवर लिहून दे की पॅकिंग बरोबर होतं. म्हटलं देतो. डिरेलर काढून बांधला असता तर बॉक्सला भोक पडूनही हँगर वाचला असता का? बहुतेक वाचला असता. वाकलाच नसता असं छातीठोक नाही सांगता येत, आपटणाऱ्यानं आपटलं हेही खरंच आहे, भोक बॉक्सला पडलंच होतं. पण पोरानं विचारलं होतं आणि मी राहू दे म्हटलं होतं. तो पोरगा समोरच बसून पंक्चर काढत असतो, काही बोलत नाही.

आज सकाळी पॅड काढून लिहिलं. दोन्ही सायकली मी पॅक केल्या, काकूंच्या सायकलचा मागचा डिरेलर काढून बांधला होता, काकांच्या सायकलचा काढलेला नव्हता. सही केली, शिक्का मारला. संध्याकाळी काका नवीन हँगर बसवायला सायकल घेऊन येणार आहेत, तेव्हा कागद आणि हा हँगर, दोन्ही त्यांच्या हातात देणार आहे.